पोपटापासून दोनशे मीटर

दामारीसबाईंना पंधरा दिवसांची रजा हवी होती. मागणी एवढीच. ती पुरी व्हायला 'ला गार्सा' बेकरीला एक इंजिनिअर, एक सॉफ्टवेअर, नगरपालिकेचे तीन अर्ज आणि एका परक्या कुटुंबातलं मयत लागेल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

बाई गेली सव्वीस वर्षं बेकरीच्या पाठवणी विभागात होत्या. खरं म्हणजे त्याच पाठवणी विभाग होत्या. रोज सकाळी नऊ ट्रक पाव भरून निघायचे आणि सान बार्तोलो गावातल्या नि आसपासच्या तीनशे बारा दुकानांत तो दुपारी तीनच्या कॉफीआधी पोचवायचे. तीनच्या कॉफीबरोबर पाव नसला तर सान बार्तोलोतली शांत माणसं सरकार बदलायच्या गोष्टी करू लागतात, त्यामुळे ही जबाबदारी लहान नव्हती. आणि तीनशे बाराच्या तीनशे बारा दुकानांचे पत्ते एकाच ठिकाणी होते. बाईंच्या डोक्यात.

ड्रायव्हर लोक फोन करत. बाई दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या असत, तेव्हा करत. भाच्याच्या लग्नात पाद्रीबाबा "कुणाची हरकत?" असं विचारत असताना बाईंचा फोन वाजला, तेव्हा सगळ्या चर्चनं वळून पाहिलं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्या तीन दिवस रजेवर गेल्या. दुसऱ्याच दिवशी एक ट्रक शेजारच्या प्रांतात सापडला. पाव जसाच्या तसा होता आणि ड्रायव्हरच्या मांडीवर एक कोंबडा होता. त्या कोंबड्याचा खुलासा आजतागायत झालेला नाही.

या खेपेला मात्र त्यांची धाकटी बहीण झेनेइदा हट्टाला पेटली होती. तिनं पुंतारेनासला समुद्रासमोरची खोली चौदा तारखेपासून ठरवूनच टाकली.

"खोली रद्द होत नाही, आणि मीही ऐकणार नाही," ती फोनवर म्हणाली. "तुम्ही नाही आलात तर मी फ्लोरीला घेऊन जाईन."

फ्लोरी ही झेनेइदाची शेजारीण. ती झोपेत गाते. अशा बाईला आपल्या जागी नेलं जाणार, हे दामारीसबाईंच्या फार वर्मी लागलं. त्या तडक मालकांच्या केबिनमध्ये गेल्या.

मालक डॉन एवेलियो भला माणूस. तिकडे पुरुषाला मानानं 'डॉन' म्हणतात आणि बाईला 'डोन्या'. नवीन काही निघालं की त्यांना ते आधी हवं असे. "जा की!" ते म्हणाले. "फक्त डोक्यातलं सगळं वहीत उतरवून जा. एक अख्खा दिवस तुम्हाला फोन न करता ट्रक फिरले, की त्याच संध्याकाळी सही करतो."

वही म्हणजे कागदाची नव्हे. तीन महिन्यांपूर्वी राजधानीहून योर्लेनी नावाची इंजिनिअर मुलगी आली होती आणि तिनं बेकरीत दोन गोष्टी बसवल्या होत्या. त्या समजावताना तिच्या डोळ्यांत नव्या सुनेचा उत्साह होता.

"प्रत्येक ट्रकमध्ये एक डबी आहे, डोन्या दामारीस. ती दर दोन सेकंदांनी सांगते, मी इथं आहे, वेग इतका, मागचं दार उघडं की बंद. हे सगळं नदीसारखं वाहत असतं. ज्याला जे हवं ते त्यानं काठावर बसून भरून घ्यायचं. भट्टीवाले घेतील, गोदामवाले घेतील, डॉन एवेलियो घेतील."

"आणि नदीत काही पडलं तर?"

"काय पडलं तर?"

"काहीही. चप्पल."

योर्लेनीनं क्षणभर विचार केला आणि ती दुसऱ्या गोष्टीकडे वळली. "आणि ही सामायिक वही. कंपनीतलं कुठलं काम कसं चालतं ते सगळं हिच्यात. फोनवर उघडते. कुणीही वाचू शकतं, कुणीही दुरुस्त करू शकतं. दुरुस्ती झाली की तीही त्याच नदीत सोडली जाते, चौसष्टच्या चौसष्ट माणसांच्या फोनवर टिंग वाजतं."

"कुणीही दुरुस्त करू शकतं?"

"कुणीही. तोच तर फायदा!"

बाईंनी तेव्हाच उठून जायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर समुद्र होता.

चार संध्याकाळी त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पत्ते लिहीत होत्या. अक्षर न् अक्षर विचार करून. उदाहरणार्थ, एका किराणा दुकानाचा पत्ता: 'ला अमिस्ताद पुल्पेरीया. पोपट होता तिथून दोनशे मीटर दक्षिणेला, मग पन्नास मीटर पूर्वेला. खरबुजी रंगाचं घर, काळं फाटक. कुत्रा आहे, चावत नाही.' यात एखाद्या सुबुद्ध माणसाला न समजण्यासारखं काय आहे? पोपट न्हाव्याच्या दुकानातला. तो वारून पंधरा वर्षं झाली आणि न्हावी त्याच्याही आधी गेला. तिथं आता फोन दुरुस्त करतात. पण म्हणून काही पोपटाची जागा हलत नाही. गावातली एकेचाळीस दुकानं त्या पोपटापासून मोजली जातात.

शेजारचे डॉन बेलार्मिनो कॉफीला आले. हे सेवानिवृत्त मोजणीदार. आयुष्यभर साखळी घेऊन गाव मोजल्यामुळे त्यांना कुठल्याही वाक्यात चूक दिसे.

"दोनशे मीटर लिहू नका," ते म्हणाले. "आपण म्हणतो शंभर मीटर म्हणजे एक आळी. आळी भरते चौऱ्याऐंशी. मी स्वतः मोजलीय. दोन आळ्या म्हणजे एकशे अडुसष्ट."

"असं कोण बोलतं, डॉन बेलार्मिनो? 'पोपटापासून एकशे अडुसष्ट मीटर' म्हणून कुणाला सांगितलं तर तो मलाच डॉक्टरकडे नेईल."

"मी आपलं सांगून ठेवलं," असं म्हणून त्यांनी दुसरा पाव घेतला. हे वाक्य ज्या सल्ल्याला जोडून येतं तो सल्ला पुढं हमखास खरा ठरतो, हा आमचा जुना अनुभव आहे.

वही खुली झाली आणि दहाच मिनिटांत टिंग वाजलं. पहिली दुरुस्ती सात नंबरच्या ट्रकच्या ओल्मानची होती. ओल्मान म्हणजे अठरा वर्षं बाईंच्या हाताखाली घडलेला ड्रायव्हर. त्यानं 'चावत नाही' खोडून 'चावतो' लिहिलं होतं. बाईंनी पुन्हा 'चावत नाही' केलं. टिंग. ओल्माननं 'मला चावला' असं लिहून पोटरीचा फोटो लावला. टिंग. मिक्सरवरच्या माणसानं लिहिलं, 'पोटरी आधी धुवा, मग फोटो काढा.' टिंग. खरबुजी घर आता निळं असल्याचं कॅशियर बाईंनी कळवलं. त्यावर कुणीतरी लिहिलं की ते निळं असलं तरी पत्त्यात खरबुजीच म्हणतात. पोपटाच्या नोंदीखाली तर त्रेचाळीस टिपा जमल्या. त्यात पोपटाचं नाव होतं, त्याला येणाऱ्या दोन शिव्या होत्या, आणि 'फार गोड स्वभावाचा होता, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो' असंही होतं.

हे सगळं बाईंनी सहन केलं. पण प्रत्येक दुरुस्तीवर सिस्टीम आपण होऊन छापत असे, 'दामारीस किरोस यांनी दिलेली माहिती बदलण्यात आली आहे.' चौसष्ट फोनांवर. भट्टीपासून झाडूवाल्यापर्यंत. सव्वीस वर्षांत ज्या बाईला कुणी 'तुमचं चुकलं' म्हटलं नव्हतं, तिला एका दुपारी हे एकशे सतरा वेळा ऐकावं लागलं.

आठ तारखेला परीक्षा होती. बाईंचा फोन काढून घेऊन डॉन एवेलियोंनी बिस्किटांच्या डब्यात बंद केला आणि डबा कपाटात ठेवला. बाईंनी फक्त बसायचं आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नऊ ठिपके पाहायचे. ट्रक ठरल्या जागेपासून तीस मीटरहून लांब थांबला, की सगळ्यांच्या फोनवर धोक्याची घंटा वाजेल असा नियम योर्लेनीनं लावून ठेवला होता.

सात वाजता ठिपके सुटले. सात वाजून बारा मिनिटांनी ओल्मान एका दुकानासमोर अगदी बरोबर उभा राहिला आणि घंटा वाजली. सिस्टीमच्या मते ते दुकान तिथून बत्तीस मीटर पुढं, एका विहिरीत होतं. कारण तिनं शंभर मीटर म्हणजे खरंच शंभर मीटर धरले होते. डॉन बेलार्मिनो तिथं नव्हते हे बरं झालं.

पण हे काहीच नव्हे. आठच्या सुमारास एकेचाळीस दुकानांचा पाव एकाच वेळी उत्तरेकडे वळला. बाई खुर्चीतून उठल्या.

"योर्लेनी, ते ट्रक कुठं चाललेत?"

"पोपटाकडे."

"पोपट दक्षिणेला आहे!"

"नाही, मी सिस्टीममध्ये शोधलं ना. उत्तरेच्या टोकाला पक्षी विकतात, तिथं अकरा पोपट आहेत. फोन करून खात्री केली मी."

"अहो, ते जिवंत पोपट!"

योर्लेनी त्यांच्याकडे बघत राहिली. राजधानीच्या कॉलेजात पुष्कळ शिकवतात, पण पत्त्यात जिवंत पोपट चालत नाही हे शिकवत नसावेत.

जुने ड्रायव्हर अर्ध्या वाटेवरून मागे फिरून, घंटेला शिव्या घालत, फार उशिरानं आपापल्या दुकानी गेले. चार नंबरवरचा एलिएसेर मात्र नवीन होता आणि आज्ञाधारक होता. त्याला फोननं नेलं तिथं तो गेला, दार वाजवलं आणि साठ गोड पाव उतरवून दिले. ते शवपेट्यांचं दुकान होतं. आत कुणाची तरी अखेरची रात्र जागवून दमलेले पंचवीस-तीस नातेवाईक काळ्या कपड्यांत बसले होते, कॉफी तयार होती आणि पाव संपला होता. बेकरीनं आपणहून दुखवट्याचा पाव पाठवला असंच त्यांना वाटलं. मयताची विधवा एलिएसेरच्या गळ्यात पडून रडली. तोही रडला. नऊ वाजता तिनं आभाराचा फोन केला आणि डॉन एवेलियो गहिवरून म्हणाले, "पाहिलंत? तंत्रज्ञान माणसं जोडतं."

तीन वाजता सान बार्तोलोत अर्ध्या घरांनी कोरडी कॉफी घेतली. सव्वातीनला लोक बेकरीच्या दाराशी आले.

"मी नगरपालिकेचे घरनंबर मिळवतो," डॉन एवेलियोंनी जाहीर केलं. "अधिकृत. पोपट नको न् काही नको."

गावातल्या घरांना नंबर आहेत, हे नगरपालिका सोडून कुणाला माहीत नव्हतं. ती यादी मागायला बाईच गेल्या. खिडकीतल्या बाईंनी अर्ज दिला. अर्जात अर्जदाराचा अधिकृत घरनंबर लिहायचा होता.

"तोच तर मागायला आलेय."

"मग आधी तो मागायचा वेगळा अर्ज भरा."

त्या अर्जातही तो नंबर लिहायचा होता. तिसरा अर्ज हे दोन्ही अर्ज स्वीकारावेत अशा विनंतीचा होता. तो मात्र साधा निघाला. त्यात पत्त्यासमोर 'खुणेसह लिहावे' असं होतं. बाईंनी मनापासून लिहिलं, 'पोपट होता तिथून तीनशे मीटर पश्चिमेला.' खिडकीतल्या बाईंनी वाचून मान डोलावली. "हं. आता कळलं कुठं ते. उत्तर टपालानं येईल."

दहा तारीख गेली, अकरा गेली. झेनेइदाचा फोन आला. "फ्लोरीनं पोहायचा पोशाख घेतला," एवढंच बोलून तिनं ठेवला.

बारा तारखेला टपालवाला बेकरीच्या दारात आला. रोज यायचा तसाच. हातात नगरपालिकेचा लिफाफा होता.

"डोन्या दामारीस, हा पत्ता कुठं आला हो? 'चौथा मार्ग, इमारत अठ्ठावीस.' दोन दिवस घेऊन फिरतोय."

बाईंनी लिफाफा पाहिला. नगरपालिकेला अर्ज केलेला गावात दुसरा कोण असणार? "हा आमचाच. तुम्ही उभे आहात ती इमारत अठ्ठावीस."

"असं होय!"

"पण तुम्ही तर इथं रोज येता."

"येतो की. पण पत्ता वाचून कुठं येतो? पाय येतात."

तो गेला. बाईंनी लिफाफा न उघडताच टेबलावर ठेवला आणि तशाच योर्लेनीकडे गेल्या. ती पोर तीन दिवस नीट जेवली नव्हती. पडद्यासमोर बसून शंभराचे चौऱ्याऐंशी करत होती.

"योर्लेनी, तुमची ती नदी. तिच्यातलं वाहून गेलेलं पाणी कुठं जातं?"

"जात नाही. तीन महिन्यांचं सगळं साठवलेलं आहे. पहिल्या दिवसापासून पुन्हा वाहवून बघता येतं."

"मग तिलाच विचारा ना. प्रत्येक ट्रक रोज कुठं थांबतो आणि मागचं दार उघडतो. जिथं दार उघडतं तिथं दुकान. मीटर कशाला मोजायचे? चाकांना माहीत आहे."

योर्लेनीचं तोंड उघडं राहिलं. मग तिनं बाईंचा गालगुच्चा घ्यावा तसा दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला आणि कपाळाचा मुका घेतला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत हे प्रथमच झालं. बाईंनी 'पुरे, पुरे' म्हटलं, पण उगाच.

तासाभरात यादी आली. नकाशावर टिकल्या लावाव्यात तशा जागा उमटल्या. सगळे ड्रायव्हर भोवती जमले. बाईंनी चष्मा लावला आणि मोजल्या. तीनशे चौदा.

"दोन जास्त आहेत," त्या म्हणाल्या. "ही बघा, सात नंबर, रोज नऊ वाजून दहा मिनिटं. वीस मिनिटं मुक्काम. दार उघडलेलं. ओल्मान, कुठलं दुकान हे?"

ओल्मान टोपीशी चाळा करू लागला. "ती माझी आई."

"आणि वीस मिनिटं?"

"भात-घेवड्याचा गायो पिंतो गरम करून देते. घाईत खाल्लं तर रागावते."

"दार का उघडतं?"

"दोन पाव, डोन्या दामारीस. आई आहे ती."

सगळे हसले. बाईंनी यादीवर पेन्सिलीनं 'आई' असं लिहिलं. त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर आलं आणि तिथंच थांबलं. ही नोंद ट्रकची नव्हती. गर्दीच्या दिवसांत डॉन एवेलियोंच्या मोठ्या गाडीतूनही पाव जायचा म्हणून तिच्यातही डबी बसवलेली होती. रोज सकाळी सहा चाळीस. मागचं दार, चार मिनिटं. जागा नदीपलीकडची. तिथं एकच इमारत होती, आणि ती दुसरी बेकरी होती. बाईंनी कागदाची घडी घातली.

"शेवटचं कुठलं, डोन्या?" ओल्माननं विचारलं.

"मशीनची चूक," बाई म्हणाल्या आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

डॉन एवेलियोंनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यांच्याकडे अननसाचं सारण भरलेल्या एम्पानादा मिळतात."

"आपणही करतो."

"करतो." मोठा उसासा. "डोन्या दामारीस, माझ्या वडिलांनी ही बेकरी काढली. मी काय करू? त्यांच्या जरा बऱ्या असतात."

"जरा?"

"पुष्कळ." ते कुजबुजले. "ही ओळ वहीत गेली का?"

"अजून नाही. गेली की टिंग वाजेल. चौसष्ट फोनांवर."

भिंतीवर डॉन एवेलियोंच्या वडिलांची तसबीर होती. तिच्याकडे बघायचं दोघांनीही टाळलं.

"रजेवर जायच्या घाईत माणूस पुष्कळ गोष्टी लिहायच्या विसरतो," बाई म्हणाल्या. "फक्त चौदाला सकाळी मला बसमध्ये खायला चार आणून द्या. माझी बहीण खवय्यी आहे."

तेरा तारखेला फोन पुन्हा बिस्किटांच्या डब्यात गेला. पडद्यावरचे ठिपके सुटले, थांबले, दारं उघडली, मिटली. घंटा एकदाही वाजली नाही. दुपारी पावणेतीनला तीनशे बाराही दुकानांत पाव होता. तीनशे तेरावं घर म्हणजे ओल्मानची आई, तिथंही होता. डॉन एवेलियोंनी सर्वांसमोर सही केली आणि वर हुकूम काढला: पंधरा दिवस डोन्या दामारीसना जो फोन करेल त्याची कॉफी बंद.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई हसल्या. घरी जाताना मात्र त्यांना आपलं डोकं फार हलकं लागत होतं, आणि ते काही सगळंच बरं वाटत नव्हतं.

पुंतारेनासला समुद्र होता, ऊन होतं आणि एम्पानादा खरोखरच पुष्कळ बऱ्या होत्या. पहिला दिवस बाई झोपल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन सहा वेळा पाहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी झेनेइदाला सांगितलं, "मला जरा फोन करून बघ गं, बिघडलाय बहुतेक." झेनेइदानं समोर बसून केला. फोन ठणठणीत वाजला.

"तुम्हाला शांतता हवी होती ना?" झेनेइदा चर्चिलचा, म्हणजे तिथल्या दूध-सरबत घातलेल्या बर्फाच्या गोळ्याचा, चमचा चाटत म्हणाली.

"हवी होती. इतकी नको होती."

शेवटी त्यांनी वही उघडली. नुसती बघायला. 'ला अमिस्ताद'च्या नोंदीखाली ताजी टीप होती, ओल्मानची: 'कुत्रा काल एलिएसेरला चावला. आज मला पुन्हा. फक्त डोन्या दामारीसना चावत नाही. का, ते कुणाला माहीत असल्यास कृपया लिहावे. (हा फोन नाही. कॉफी बंद करू नये.)'

बाईंनी चर्चिल बाजूला ठेवलं. वाळूत बसून एका बोटानं टाईप केलं: 'फाटकाशी थांबायचं. टोपी काढायची. "सुप्रभात, डॉन कापितान, घरची मंडळी कशी आहेत?" असं विचारायचं. तुम्ही म्हणायचं, तू नाही. मग तोच वाट देतो.'

मग त्या खाली सरकल्या. योर्लेनीनं नवीन पान उघडलं होतं, नव्या माणसांसाठी. 'बेकरीत काय कुठं आहे.' त्यात लिहिलं होतं: 'कॉफीचं यंत्र. पूर्वी डोन्या दामारीस बसायच्या तिथून पंचवीस मीटर पूर्वेला.'

"पूर्वी!" बाई मोठ्यांदा म्हणाल्या. शेजारच्या छत्रीखालचं कुटुंब दचकलं. "अहो, तीन दिवस झाले मला! पोपटालासुद्धा महिनाभर वेळ दिला होता!"

"काय झालं?" झेनेइदानं विचारलं.

बाईंनी 'पूर्वी' खोडलं. 'बसायच्या' खोडून 'बसतात' लिहिलं. थोडं थांबून पंचविसाचे एकवीस केले, कारण ते डॉन बेलार्मिनोंच्या मापानं बरोबर होतं. मग बटण दाबलं आणि फोन पालथा घालून वितळलेलं चर्चिल हातात घेतलं.

फोन वाळूत थरथरला. एकदा. मग पुन्हा. मग थांबेचना. झेनेइदानं तो उचलून वाचला. "कुणी योर्लेनी लिहितेय, 'दुरुस्तीबद्दल आभार, योर्लेनी यांनी दिलेली माहिती बदलण्यात आली आहे.' आणि कुणी ओल्मान म्हणतोय, कापितान साहेबांनी वाट दिली. घरची मंडळी मजेत आहेत."

"बंद कर तो," दामारीसबाई म्हणाल्या. "रजेवर आहे मी."

आणि सगळं चर्चिल त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत खाल्लं.